पेटी क्रमांक सात

पत्र्याची पेटी, तीस पुस्तकं, एक कुलूप
जे कुणी लावत नाही.
अ‍ॅक्टिवाच्या पायदानावर ती तिरकी बसते,
ब्रेक मारला की आतली मंडळी पुढे सरकतात,
कादंबऱ्या बालगीतांवर, आत्मचरित्रं पाककृतींवर.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांतून निघते मी.
पाटीवर संस्थेचं नाव आठ शब्दांचं;
लोक म्हणतात, पेटीवाल्या बाई आल्या.
बाबाजीपुरा, वाडी, मग थेट प्रतापनगर.

संस्था करते पुष्कळ काही, अहवालात बघा.
मागल्या डिसेंबरात साताऱ्याहून एक कवयित्री आणल्या,
तिकीट टू-टायरचं, मुक्काम चिटणिसांकडे.
खुर्च्या मांडल्या साठ, माणसं अठरा,
त्यातली सहा शेव-उसळीच्या वासावर आलेली,
आणि माईकवाला हितेश,
जो शेवटच्या कवितेला डोळे पुसत होता
आणि विचारल्यावर म्हणाला, धूळ छे, बेन.
मी त्याला उपस्थितीत धरलं.
एकोणीस.

तर, पेटी क्रमांक सात.
प्रतापनगरला घोरपड्यांकडे दिली मार्चात,
परत आली तेव्हा एकोणतीस.
हंबीरराव, रेल्वेतून रिटायर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
म्हणाले, असेल कुठेतरी, घर काही पळून जात नाही.
सून जिज्ञासा काहीच बोलली नाही,
चहात आलं मात्र जास्त पडलं.

मी वहीत लिहिलं: गहाळ, एक. बालविभाग. किंमत साठ.
खजिनदार दिवेकर म्हणाले, दंड लावा.
मी म्हटलं, लावते.
लावला नाही.

श्रावण सरता सरता तिनंच हाक मारली जिन्यावरून.
पुस्तक होतं, खाकी कव्हर घातलेलं,
आणि त्याच्यासोबत एक शंभर पानी वही.
वहीत तेच पुस्तक. सगळं.
शब्द न शब्द मराठी, अक्षर गुजराती,
पेन्सिलीनं, जागोजागी खोडरबराचे ढग.

"हिंदी येते ना मला, म्हणून तुमचे अक्षर ओळखते.
अर्थ अर्धाच समजला.
पण मौलिक दुसरीत आहे, त्याला आपलेच वाचता येते हजी,
आणि बापूजींना कोणी तरी वाचून दाखवायला पाहिजे."

जिथे शब्द अडला
तिथे तिनं एक फूल काढलं होतं.
'हिरमुसला'वर फूल. 'हुंदडणे'वर फूल.
'लगबग'खाली मात्र लिहिलेलं: अंदाजे?

मौलिक वाचू लागला, ओळीखाली बोट ठेवून.
हंबीरराव डोळे मिटून त्याचा 'च' दुरुस्त करत होते,
चंद्रातला नाही रे, चांदण्यातला.
पान उलटताना पोरानं मान वर केली,
तुमच्या अक्षरांवर लाइन का असते?
चाळीस वर्षं वाचतेय मी, हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, तिकडे पाऊस फार, म्हणून छप्पर.
त्याला पटलं.
म्हातारा हसत राहिला, ठसका लागेपर्यंत.

घरी येऊन 'गहाळ' खोडलं.
पुढे काय लिहायचं?
छापील रकाने चार: खरेदी, देणगी, जीर्ण, रद्द.
वहीच्या पाठीला तारखांची चिठ्ठी डकवली
आणि पेटीत ठेवली, एकतिसावी.
झाकण आता नीट बसत नाही.
दिवेकर विचारतात, ही देणगी धरायची का खरेदी?
मी म्हणते, दंड.
वसूल झाला.

दिवाळीनंतर पेटी कारेलीबागेतून परत आली.
मोजली. एकतीस.
वही चाळताना दिसलं, 'हुंदडणे'च्या फुलाखाली
कुणीतरी निळ्या शाईनं अर्थ लिहिला होता:
दुपारी, आई झोपल्यावर.